दुसरा साक्षीदार

विल्बर ट्रेव्हॅरोने मार्लिस कांगासला पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी टॅमरॅक बे गावात सत्तावीस फूट बर्फ पडला होता. कोर्टाची इमारत घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत बुडाली होती. शेरीफ स्वतःच्याच धुरांड्यात दोन दिवस अडकून पडला होता आणि गावातली कुत्री हरवू नयेत म्हणून एकमेकांची शेपटी तोंडात धरून रांगेने हिंडत होती. अशात सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीवर टकटक झाली. विल्बरने खिडकी उघडली. बाहेर बर्फावर मार्लिस उभी होती. एका काखेत टाइपरायटर, दुसऱ्या काखेत वाटेत सापडलेला गारठलेला पोस्टमन. "मी नवीन कारकून," ती म्हणाली. "पाच मिनिटं उशीर झाला, माफ करा. वाटेत एक अस्वल बाजूला व्हायला तयार नव्हतं." मग तिने पोस्टमनला रेडिएटरवर वाळत घातलं, टाइपरायटर टेबलावर ठेवला आणि कामाला लागली. विल्बरची जीभ त्या थंडीत टाळ्याला चिकटली.

ही हकीकत विल्बर स्वतः सांगायचा, गावातल्या गुत्त्यात, दर शुक्रवारी, तळलेल्या माशाच्या ताटावर. पहिल्या वर्षी बर्फ नऊ फूट होता. पुढे तो दर वर्षी दीडेक फुटाने वाढत गेला. अस्वल सातव्या वर्षी आलं. पोस्टमन आधीपासूनच होता, पण तो खरा पोस्टमन, रूडी, शेजारच्याच स्टुलावर बसून म्हणायचा, "मी त्या वर्षी फौजेत होतो, विल्बर. जर्मनीत." विल्बर त्याच्याकडे दुर्लक्ष करायचा. खरं तर तो ऑक्टोबर महिना होता, बर्फाचा पत्ता नव्हता आणि मार्लिस चारचौघांसारखी पुढच्या दाराने आत आली होती. पण ज्या माणसाची प्रेमकहाणी पहिल्या दिवसाच्या पुढे सरकतच नाही, त्याला तो पहिला दिवसच वाढवत बसावं लागतं. शिवाय जिभेचा भाग खरा होता. ती चिकटली ती अकरा वर्षं सुटली नव्हती.

विल्बर कोर्टात बेलिफ होता. वय एकोणसाठ, उंची सहा फूट दोन इंच, लग्न नाही. आजोबा कॉर्नवॉलहून तांब्याच्या खाणीत काम करायला आले होते. त्यांच्याकडून विल्बरला रुंद खांदे आणि कमी बोलणं एवढीच इस्टेट मिळाली होती. खाकी गणवेशाला इस्त्री तो स्वतः करायचा आणि अशी कडक करायचा, की तो बसला की कापड मोडल्याचा आवाज यायचा. न्यायाधीश आत येताना "सगळे उभे राहा" असं ओरडणं हे त्याचं मुख्य काम. ते तो अशा आवाजात करी, की खालच्या मजल्यावर कर भरायला आलेले लोकही उभे राहत. पण मार्लिसशी बोलताना हाच आवाज कुठल्या कुठे जायचा. मग तो म्हणायचा, "बाहेर खूप गार आहे." हे तो जुलैतही म्हणायचा.

मार्लिस छप्पन्न वर्षांची. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. लग्नाचे परवाने द्यायच्या खिडकीवर ती बसायची. तिला कुठलाही माणूस समोर आल्याबरोबर कळायचं की हा लग्नासाठी आलाय की हरणाच्या शिकारीच्या परवान्यासाठी. दोन्ही रांगांतल्या माणसांच्या चेहऱ्यावर सारखीच भीती असते, पण शिकारवाले निदान एकटे येतात, असं ती म्हणायची.

आता ही दोघं एकत्र कशी आली ते सांगायला हवं. कायद्याने लग्नाला दोन साक्षीदार लागतात. कोर्टात लग्न करायला येणारी माणसं बहुधा नातेवाइकांना टाळण्यासाठीच कोर्टात आलेली असतात, त्यामुळे त्यांच्याकडे साक्षीदार नसतात. मग पहिली साक्षीदार मार्लिस आणि दुसरा साक्षीदार विल्बर, असा कोर्टाचा शिरस्ता पडला होता. नवरा-नवरीच्या मागे दोन पावलांवर ही दोघं खांद्याला खांदा लावून उभी राहायची.

नुसतं उभं राहून भागत नसे. न्यायाधीश एकोला बाईंचा एक नियम होता. शपथेच्या आधी नवरा आणि नवरी दोघांनी आपली भेट कशी झाली ते सांगायचं, प्रत्येकी दोन मिनिटं. "साक्षीदाराला आपण कशाची साक्ष देतोय ते कळायला नको का?" असं बाईंचं म्हणणं. दोघांच्या गोष्टी जुळल्या नाहीत तर बाई जोडप्याला बाहेरच्या बाकावर पाठवायच्या आणि जुळवून या म्हणायच्या. एक जोडपं त्या बाकावरूनच परस्पर घरी गेलं होतं. वेगवेगळ्या घरी.

अकरा वर्षांत सहाशे चाळीस लग्नं झाली. म्हणजे विल्बरने सहाशे चाळीस प्रेमकहाण्या ऐकल्या होत्या. तो नवरदेवांवर जळायचा. त्यांच्या बायकांवरून नव्हे, त्यांच्या बोलण्यावरून. एक जण उठून सांगायचा, "माशांच्या गळाचं आमिष घ्यायला गेलो, ही काउंटरवर होती, मी म्हटलं दोन डझन गांडुळं द्या आणि शनिवारी रिकाम्या आहात का." झालं. एका वाक्यात. गांडुळांसकट. विल्बरला वाटायचं, हा तोतरा, हा तिरळा, ह्याला धड टाय बांधता येत नाही, आणि हा शेंबडा माणूस गांडुळं घेता घेता जे बोलला ते मला अकरा वर्षांत का जमलं नाही? मग नवरदेवाचं अभिनंदन करताना तो त्याचा हात जरा जास्तच दाबायचा. पुष्कळ नवरदेव कोर्टातून हात चोळत बाहेर पडायचे आणि म्हणायचे, काय प्रेमळ माणूस आहे.

मनाची समजूत घालायला त्याच्याकडे एक गोष्ट होती. सहाशे चाळीस वेळा आपण मार्लिसच्या शेजारी, न्यायाधीशासमोर उभे राहिलो. एकाच कागदावर खाली-वर सह्या केल्या. जगातलं कुठलं जोडपं इतक्या वेळा लग्नाला उभं राहिलंय? राहिला तो फक्त किरकोळ तपशील, असं तो स्वतःला सांगायचा.

आणि मग त्या हिवाळ्यात रेमंड लाबाँते आला.

कोर्टाच्या दाराशी धातू शोधणारी चौकट बसवली होती आणि लोकांच्या खिशातल्या किल्ल्या काढून घ्यायला एक माणूस हवा होता. त्या जागेवर रेमंड लागला. पासष्टीचा, ठेंगणा, गुलाबी गालांचा, मिशांना मेण लावणारा. आयुष्यभर गावालगतच्या सरोवरातून लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या जहाजांवर होता आणि डोक्यावर तिथली टोपी अजून घालायचा. आठवड्याभरात सगळं कोर्ट त्याला कॅप्टन म्हणायला लागलं. विल्बर म्हणेना. त्याने चौकशी केली होती.

चौदा फेब्रुवारीला, व्हॅलेंटाइनच्या दिवशी, कोर्टात लग्नांची नुसती झुंबड उडते. त्या दिवशी तेवीस लग्नं लागली होती. सकाळी एकोला बाईंनी विल्बरला बोलावलं.

"विल्बर, आज फार गर्दी आहे. दुसऱ्या साक्षीदाराचं काम तुम्ही आणि लाबाँते एकाआड एक करा. मधल्या वेळात तुम्ही दाराशी बसा. पाय मोकळे होतील."

"माझे पाय मोकळेच आहेत, बाई."

"मग दाराशी मोकळे ठेवा."

पहिलं लग्न विल्बरचं. म्हणजे साक्षीला. शेजारी मार्लिस, अंगात निळा स्वेटर. हे जोडपं हरणावरून भेटलं होतं. नवरी म्हणाली, हरीण माझ्या गाडीखाली आलं, हा मागून आला आणि म्हणाला मदत करतो. नवरा म्हणाला, हरीण माझ्या गाडीने मारलं, हिची गाडी नुसती बाजूला उभी होती. ते हरीण गेल्या नोव्हेंबरातच खाऊन संपलं होतं, पण मालकीचा वाद संपला नव्हता. बाईंनी दोघांना बाकावर पाठवलं. पाच मिनिटांनी परत येऊन नवरा मान खाली घालून म्हणाला, "हरीण तिचं होतं." बाईंनी लगेच लग्न लावलं. मार्लिस हसली, तिचा खांदा विल्बरच्या दंडाला लागला, आणि विल्बरचा दिवस चांगला सुरू झाला.

तो वीस मिनिटं टिकला.

दुसऱ्या लग्नाला तो दाराशी उभा होता आणि त्याच्या जागेवर रेमंड. जोडपं सत्तरीच्या पुढचं. दोघांची ओळख एका मयताला झाली होती, चर्चच्या तळघरातल्या जेवणात. बटाट्याच्या कोशिंबिरीत अंडं घालावं की घालू नये यावरून त्यांचं एवढं कडाक्याचं भांडण झालं होतं, की मयताच्या मुलाने दोघांना बाहेर काढलं. बाहेर थंडी होती, म्हणून दोघं एकाच गाडीत बसली. "आणि मग अंड्याचा विषय राहूनच गेला," म्हातारी म्हणाली.

रेमंड रडायला लागला. मोठमोठ्याने, नाक शिंकरत. त्याने खिशातून चादरीएवढा लाल रुमाल काढला, आपले डोळे पुसले, मग रुमालाची दुसरी, कोरडी बाजू काढून मार्लिसला दिली. आणि मार्लिसने ती घेतली.

विल्बरने हे दाराच्या काचेतून पाहिलं. अकरा वर्षांत तिला रुमाल द्यावा हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं. त्याच्या खिशात इस्त्री केलेला, घडीचा रुमाल असायचा, पण घडी मोडेल म्हणून तो स्वतःसाठीही काढायचा नाही. आता त्याला वाटलं, ह्या माणसाने जहाजावर राहून केलं काय? कांदे चिरले आणि रडायचा सराव केला.

चौथ्या लग्नाला रेमंड मार्लिसच्या कानाशी काहीतरी बोलला आणि ती मान मागे टाकून हसली. सहाव्याला त्याने तिच्या स्वेटरवरचा धागा काढला. आठव्याला तो काहीच करत नव्हता, नुसता उभा होता, पण विल्बरच्या मते नको इतका जवळ उभा होता. ते अंतर तो काचेतून डोळ्यांनी मोजत राहिला. दाराशी एका बाईची पर्स त्याने तीनदा तपासली आणि तिच्यातला कंगवा हत्यार म्हणून जप्त केला.

दुपारी जेवायला सगळे मार्लिसच्या खिडकीमागच्या खोलीत जमले. ह्या जेवणाची विल्बर वर्षभर वाट पाहायचा. चौदा फेब्रुवारीला मार्लिस स्वतः पास्ती करून आणायची. मांस, बटाटा, कांदा आणि सलगम भरलेली, हातभर लांब, करंजीसारखी कडेला दुमडलेली. खाणीतल्या माणसांची ही पद्धत, की प्रत्येकाच्या पास्तीच्या कोपऱ्यावर कणकेचंच त्याच्या नावाचं अक्षर चिकटवायचं, म्हणजे अंधारात कुणी कुणाची खात नाही. विल्बरची आई जिवंत होती तेव्हा मार्लिस तिच्याकडून हे शिकली होती. दर वर्षी रेडिएटरवर दोन पास्त्या गरम होत ठेवलेल्या असत. एकीवर मार्लिसचं अक्षर, एकीवर विल्बरचं. आपलं अक्षर खायला विल्बर सगळ्यात शेवटी ठेवायचा.

आज रेडिएटरवर तीन होत्या.

विल्बर वाकून बघत राहिला. तिसरीवर रेमंडचं अक्षर होतं. त्याच्या शेपटीला वळण होतं. विल्बरच्या अक्षराला कधी वळण नव्हतं.

"ही कुणाची?" त्याने विचारलं.

"कॅप्टनची," मार्लिस म्हणाली. "बिचारा घरी एकटा असतो. डबे उघडून खातो."

"मी पण घरी एकटाच असतो."

"तुला अकरा वर्षं मिळतेय, विल्बर."

"तो कॅप्टन नव्हता. जहाजावर स्वयंपाकी होता. दुय्यम स्वयंपाकी."

"कोण म्हणतं दुय्यम?" रेमंड मिशा पुसत आत आला. "मुख्य स्वयंपाकी दारू प्यायचा. सगळं मीच करायचो. मार्लिस, वास काय सुटलाय. आमच्या जहाजावर ही मिळाली असती तर मी अजून जहाजावरच असतो."

"मिळायला हवी होती," विल्बर म्हणाला.

"हो ना," रेमंड म्हणाला. टोमणा त्याच्या टोपीवरून निघून गेला. त्याने बाटली उलटी करून आपल्या पास्तीवर भळाभळा टोमॅटो सॉस ओतलं. असं करणाऱ्या माणसाला विल्बरच्या आजोबांनी खाणीच्या आसपास फिरकू दिलं नसतं. विल्बरने मार्लिसकडे पाहिलं, की निदान हे तरी तिला खटकेल. मार्लिस म्हणाली, "मला पण दे जरासं, कॅप्टन."

विल्बरने आपली पास्ती बाटलीपासून लांब सरकवली.

"आणि शनिवारचं विसरू नकोस," रेमंड भरल्या तोंडाने म्हणाला. "दहाला येतो तुझ्याकडे. दोर घेऊन."

"लांब आण," मार्लिस म्हणाली. "गेल्या वेळेसारखा आखूड नको."

त्यानंतर विल्बरला काय खाल्लं ते कळलं नाही. आपलं अक्षर त्याने न बघताच खाऊन टाकलं. शनिवारी दहाला. दोर. आणि गेल्या वेळी आखूड पडला होता म्हणजे गेली वेळही झाली होती. पुरुषाने बाईच्या घरी सकाळी दहाला दोर घेऊन जावं असं काय असतं, हे शोधायला त्याने मन चौफेर दौडवलं. घसरगाडी? बर्फातली सहल? रेमंडच्या मागे दोराला धरून मार्लिस टेकडीवरून घसरत येते आहे, निळा स्वेटर, लाल गाल, दोघं खाली पडतात, असं सगळं चित्र त्याला दिसलं. त्या चित्रात पडताना रेमंडची टोपीसुद्धा डोक्यावरून निघत नव्हती. ह्याचा विल्बरला सगळ्यात जास्त राग आला.

अडीच वाजता तेरावं जोडपं आलं, ट्रेंट मकिनी आणि शॅनन. पाळी विल्बरची होती. ट्रेंट काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा नांगर चालवायचा. गडी दारात मावत नव्हता. कामावरून तसाच आला होता, भगवं जाकीट, ओले बूट, कमरेला वायरलेस. शॅनन दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती, चणीने लहान, जिभेने नव्हे.

"मी रोज सकाळी तासभर खपून गाडी बर्फातून उकरून काढायचे," ती म्हणाली, "आणि हा नांगर घेऊन यायचा आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ पुन्हा माझ्या गाडीवर ढकलून जायचा. रोज. साडेतीन आठवडे. मी फावडं घेऊन रस्त्यात उभी राहून ह्याच्या आईचा उद्धार करायचे."

"तुमचं काय म्हणणं?" बाईंनी ट्रेंटला विचारलं.

"खरं आहे," ट्रेंट म्हणाला. "तो रस्ता माझ्याकडे नव्हताच. मी मुद्दाम जायचो."

"शिव्या खायला?"

"ती बाहेर यायची ना, बाई."

खोलीत सगळे हसले. विल्बर हसला नाही. साडेतीन आठवडे, तो मनात म्हणाला. ह्या ठोंब्याला साडेतीन आठवडे लागले, आणि तेही तोंड न उघडता, नुसता बर्फ ढकलून.

शपथा झाल्या. टेबलावर कागद आला. त्यावर चार रेघा: नवरा, नवरी, पहिला साक्षीदार, दुसरा साक्षीदार. शॅननने सही केली, मार्लिसने केली. ट्रेंट पेन घेणार तेवढ्यात कमरेचा वायरलेस खरखरला. पुलाच्या रस्त्यावर वारा सुटला होता. तो कोपऱ्यात जाऊन बोलायला लागला. "तोवर तुम्ही उरकून घ्या, विल्बर," बाई म्हणाल्या.

विल्बर वाकला. पेन कागदाला टेकवलं. आणि त्याच वेळी सही उरकून मार्लिस दाराशी गेली आणि रेमंड तिला हलक्या आवाजात म्हणाला, "सगळ्यांना सांगितलंस का अजून?"

"अजून नाही," मार्लिस म्हणाली. "त्याला तर नाहीच."

विल्बरचे दोन्ही कान दाराकडे होते. हाताने काय केलं ते हातालाच ठाऊक. बाईंनी शिक्का मारला.

ट्रेंट परत आला, पेन घेऊन वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"इथे विल्बर ट्रेव्हॅरो लिहिलंय."

"ती साक्षीदाराची जागा असेल," बाई म्हणाल्या.

"नाही. इथे नवरा छापलंय."

सगळे टेबलाभोवती गोळा झाले. सही मोठी, ठसठशीत आणि नवऱ्याच्या रेघेवर अगदी सरळ बसलेली होती. इतक्या सुंदर सह्या विल्बरच्या हातून कमी झाल्या होत्या.

"मला चालेल," शॅनन म्हणाली. "ह्यांना सरकारी पेन्शन आहे ना?"

"शॅनन, हसण्यासारखं नाही हे." ट्रेंटच्या मानेपर्यंत लाली चढली. तो विल्बरकडे वळला. "काका, तुम्ही जाणूनबुजून केलंत?"

"नाही."

"मग असे बघताय का तिच्याकडे?"

विल्बर तिच्याकडे बघत नव्हता, पण ट्रेंटला ते पटेना. आयुष्यात पहिल्यांदा एक पुरुष विल्बरवर जळत होता. तो खांदे फुगवून समोर उभा होता, नाकपुड्या थरथरत होत्या, आणि त्या भगव्या जाकिटात विल्बरला स्वतःचीच सकाळ दिसली. अर्धं मिनिट त्याला ते आवडलंसुद्धा. मग त्याला त्या पोराची दया आली.

"कागद रद्द," एकोला बाई म्हणाल्या. "मार्लिस, नवीन टाइप कर. आणि विल्बर, अकरा वर्षांत तुमची एक सही इकडची तिकडे झाली नाही. आज लक्ष कुठे होतं?"

विल्बरने पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"दोर कशाला?" तो म्हणाला.

"काय?"

"शनिवारी. दहा वाजता. दोर कशाला लागतो?"

बाईंना काही कळेना. रेमंड दारातून म्हणाला, "यंत्र बांधायला. बर्फ उडवायचं यंत्र. माझ्या गाडीत मागच्या वेळी ते घसरलं, म्हणून परत उतरवलं."

"कुणाचं यंत्र?"

"माझं," मार्लिस म्हणाली. "कॅप्टनने विकत घेतलंय."

"मग तुझ्या अंगणातला बर्फ कोण काढणार?"

"मेपर्यंत तोच येऊन काढून देणार आहे."

"आणि मेनंतर? पुढच्या हिवाळ्यात?"

मार्लिसने बाईंकडे पाहिलं. बाईंनी टेबलावरच्या दुसऱ्या कागदांकडे पाहिलं. त्यात मार्लिसचा राजीनामा होता.

"ॲरिझोनात बर्फ पडत नाही, विल्बर," मार्लिस म्हणाली. "बहिणीकडे चाललेय. कायमची."

वायरलेसवर कुणीतरी ट्रेंटला हाका मारत होतं. त्याने बटण दाबून तो बंद केला. अकरा वर्षं विल्बर माणसांवर जळत आला होता. गांडुळवाल्यावर, नांगरवाल्यावर, मेणाच्या मिशांवर. एका अख्ख्या राज्यावर जळायची त्याची तयारी नव्हती.

"तुमची भेट कशी झाली?" शॅननने विचारलं. अगदी सहज, दातांच्या खुर्चीतल्या माणसाला तोंड उघडायला सांगावं तसं.

"दोन मिनिटं, विल्बर," बाई म्हणाल्या. त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या.

विल्बरने घसा साफ केला. "सत्तावीस फूट..." तो म्हणाला आणि थांबला. सगळे वाट पाहत होते. रेमंडने रुमाल बाहेर काढून तयार ठेवला होता.

"ऑक्टोबर होता," विल्बर म्हणाला. "मंगळवार. तू पुढच्या दाराने आलीस. तुझा कोट करडा होता, वरचं बटण दुसऱ्या रंगाचं होतं. तू मला विचारलंस, कोट कुठे टांगू. मी म्हणालो, बाहेर खूप गार आहे."

"आणि मी?"

"तू म्हणालीस, मग असू दे अंगावर. आणि दिवसभर कोट घालून टाइप करत बसलीस. खोलीत हीटर चालू होता. तुझ्या कपाळावर घाम आला होता. मला सांगायचं होतं की खुंटी माझ्या मागेच आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू माझ्या समोरून निघून गेली असतीस, कोट टांगायला."

एकोला बाईंनी चष्मा काढला. "मार्लिस, तुझी बाजू?"

मार्लिसने रद्द झालेल्या कागदाची घडी घातली. "जुळतंय, बाई," ती म्हणाली. "सगळं जुळतंय."

रेमंडने रुमालात जहाजाचा भोंगा वाजावा तसं नाक शिंकरलं. विल्बरला धीर आला.

"मग राहा इथेच," तो म्हणाला.

"घर विकलं, विल्बर. गेल्या शुक्रवारी सह्या झाल्या."

"त्याला साक्षीदार लागतात?"

"दोन लागतात."

"कोण होतं?"

"कॅप्टन," ती म्हणाली. "आणि रूडी पोस्टमन."

विल्बरच्या तोंडावरचा रंग उतरला. घर विकलं हे ऐकताना तो निभावला होता. हे नाही.

"मला नाही विचारलंस," तो म्हणाला.

"तुला कसं विचारणार होते?"

"मी सही केली असती."

"माहीत आहे मला," मार्लिस म्हणाली. तिचा आवाज जरा चढला होता. "तू मुकाट्याने येऊन सही केली असतीस, बाहेर खूप गार आहे म्हणाला असतास आणि घरी गेला असतास. अकरा वर्षं उभी आहे मी तुझ्या शेजारी. तुझ्याच डाव्या हाताला. आणखी किती जवळ उभी राहणार होते?"

विल्बरने डावीकडे पाहिलं. बाहेर बाकावर दहा जोडपी ताटकळत होती आणि त्यांतल्या एकांचं भांडण ऐकू यायला लागलं होतं.

मार्लिसने खिडकीमागे जाऊन नवीन कागद टाइप केला आणि आणला. ट्रेंटने सगळ्यांत आधी सही केली, नवऱ्याच्या रेघेवर, इतकं दाबून की कागदाला मागून उठाव आला. मग शॅननने. मग मार्लिसने. शेवटी विल्बर वाकला. मार्लिसने चौथ्या रेघेवर बोट ठेवलं आणि त्याची सही पुरी होईपर्यंत ते तिथून काढलं नाही. बोटाचं टोक सांभाळत त्याने आपलं नाव सावकाश लिहिलं. एरवी त्याला चार सेकंद लागायचे. आज ट्रेंटने दोनदा घड्याळ पाहिलं.

"चला, पुढचं जोडपं," एकोला बाई म्हणाल्या.

"सगळे उभे राहा," विल्बर म्हणाला. ते सगळे उभेच होते.

मार्लिस मेच्या पहिल्या आठवड्यात गेली. तिच्या खिडकीवर आता एक तरुण मुलगी बसते. ती लग्नाला थांबत नाही, त्यामुळे विल्बरच्या शेजारी रेमंड लाबाँते उभा राहतो.